दोन तासांच्या कमाईची कॉफी

तरुणांच्या हाती पैसा का टिकत नाही, या विषयावरची चर्चा हल्ली फार लवकर कॅफेतल्या कॉफीवर येऊन अडते. एका बाजूचे म्हणणे असे की, अडीचशे रुपयांची कॉफी पिणाऱ्यांनी महागाईच्या नावाने रडू नये. कॉफी घरी करावी आणि उरलेले पैसे गाठीला बांधावेत. दुसरी बाजू म्हणते की, पगार जागच्या जागी आणि घरांच्या किमती आभाळाला, अशा स्थितीत कॉफीच्या कपावर बोट ठेवणे म्हणजे मूळ दुखणे सोडून तरुणांनाच दोष देणे आहे. हे दोन्ही युक्तिवाद आपल्याकडे अमेरिकेतून आले आहेत. तिथे दोन हजार सालानंतरच्या दशकात ‘लाटे फॅक्टर’ नावाची कल्पना गाजली. ‘लाटे’ या दुधाळ कॉफीच्या रोजच्या एका कपाचे पैसे गुंतवत गेले तर निवृत्तीपर्यंत मोठी रक्कम उभी राहते, असे तिचे सांगणे होते. त्यावर तिथल्याच अभ्यासकांनी टीका केली, की अमेरिकी कुटुंबाचे कंबरडे घरभाडे, दवाखान्याची बिले आणि शिक्षणाची कर्जे मोडतात, कॉफी नव्हे. तिथे ही टीका रास्त आहे. पण पुण्या-मुंबईत ती जशीच्या तशी म्हणून दाखवणाऱ्यांनी एक साधी गोष्ट तपासलेली नाही, ती म्हणजे तिथली कॉफी तिथल्या मिळकतीच्या मानाने किती महाग आहे आणि इथली कॉफी इथल्या मिळकतीच्या मानाने किती. ती तपासली की घरी कॉफी करण्याचा सल्ला आपल्याकडे अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक खरा ठरतो, असे माझे मत आहे. मात्र तो सल्ला देणाऱ्यावरही काही जबाबदाऱ्या येतात, आणि त्या सहसा कोणी घेत नाही.

आधी हिशेब. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या अभियंत्याचे वार्षिक वेतन गेली अनेक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळते आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि इतर कपाती वजा जाता महिन्याला हातात पंचवीस-सव्वीस हजार रुपये पडतात. महिन्याचे बावीस दिवस आणि दिवसाचे नऊ तास धरले, तर एका तासाची कमाई सव्वाशे-एकशे तीस रुपये होते. बाणेर, खराडी किंवा विमाननगरमधल्या बऱ्यापैकी कॅफेत कॅपुचिनो अडीचशेच्या घरात असते आणि त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे पदवीधर अभियंत्याला एका कपासाठी सुमारे दोन तास काम करावे लागते. अमेरिकेत लाटे पाच-सहा डॉलरला मिळते. कॅलिफोर्नियात किमान वेतन ताशी १६ डॉलरच्या वर आहे, त्यामुळे तिथे सर्वात कमी पगारावर राबणाऱ्या माणसाचीही कॉफी वीस-बावीस मिनिटांच्या कामात निघते. तिथले केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलेले आहे, ही शरमेची गोष्ट खरी. पण तो दर धरला तरी कप एका तासाच्या आत येतो. तिथल्या सर्वात गरीब कामगाराला जे तासाभरात परवडते, त्यासाठी इथला अभियंता दोन तास खर्ची घालतो. अमेरिकेत कॉफीचा खर्च किरकोळ म्हणून सोडून देता येईल. आपल्याकडे तसे म्हणणे म्हणजे आकड्यांकडे पाठ फिरवणे आहे.

आता यात रोज कॅफेत जाणारा माणूस न धरता आठवड्यातून तीनदा जाणारा धरू. महिन्याला तेरा कप होतात. घरच्या कपाचा खर्च जरा सढळ हाताने पंचवीस रुपये धरला आणि कॅफेचा जीएसटी सोडून अडीचशे, तर एका कपामागे सव्वादोनशे रुपये वाचतात, महिन्याला २,९२५ आणि वर्षाला ३५,१०० रुपये. पंचवीस-सव्वीस हजार हातात येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा सव्वा महिन्याहून अधिक पगार झाला. वर्षाचे बारा पगार मिळवून त्यांतला एक पूर्ण आणि दुसऱ्याचा थोडा कॉफीवर जातो, हे समोर मांडल्यावर त्याला क्षुल्लक म्हणणे मला तरी जमत नाही.

घरचा कप पंचवीस रुपयांत कसा बसतो, हेही सांगितले पाहिजे, कारण इथे अनेकदा हवेतले आकडे दिले जातात. चिकोरी मिसळलेली बरी फिल्टर पावडर किलोला नऊशे रुपयांच्या आसपास धरली, तर एका कपाला लागणारी दहा ग्रॅम पावडर नऊ रुपयांची होते. लिटरला सत्तर रुपयांच्या दुधातले सव्वाशे मिली दूध पावणेनऊ रुपयांचे. साखर आणि गॅस मिळून दीड-दोन रुपये. बेरीज वीसच्या आत-बाहेर येते. चिकोरीविना, एखाद्याच मळ्यातली, ताजी भाजलेली अरेबिका हवी असेल, तर पाव किलोला सहाशे रुपये मोजावे लागतात आणि एका कपाला पंधरा ग्रॅम लागते. म्हणजे पावडरच छत्तीस रुपयांची झाली आणि दुधासकट कप पंचेचाळीसच्या पुढे गेला. तरीही तो कॅफेच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आतच आहे, आणि तोलामोलाची कॉफी अनेक कॅफेंत मिळतच नाही. पावडर विकत घेताना पाकिटामागचा मजकूर मात्र वाचावा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. स्वस्तातल्या पाकिटांत जवळजवळ निम्मी चिकोरी असते. चिकोरी वाईट नाही, तिने रंग आणि दाटपणा येतो. पण ती भाजलेल्या मुळाची पूड आहे आणि तिच्यासाठी कॉफीचा भाव मोजणे हा आपलाच तोटा.

कोणी म्हणेल की, कॉफीचे भाव भडकले आहेत, मग घरी तरी कुठे स्वस्त पडते? भाव भडकले हे खरे आहे. ब्राझील आणि व्हिएतनाम या दोन सर्वात मोठ्या उत्पादक देशांत पाऊस लागोपाठ दगा देत गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. त्याची झळ चिकमगळूर-कोडगूच्या मालालाही लागली आणि आपल्या दुकानांतली पावडरही महागली. पण वरच्या हिशेबात पावडरचा भाव उद्या दुप्पट झाला, तरी घरच्या कपात भर पडते ती नऊ रुपयांची. कॅफेच्या मेन्यूवरचा आकडा एकदा बदलला की तो नऊ रुपयांवर थांबत नाही.

मग कॅफे आपल्याकडून घेतो ते पैसे कशाचे? कपात अठरा ग्रॅम कॉफी आणि दीड-पावणेदोनशे मिली दूध असते. किलोला हजार रुपयांचे दाणे धरले तर या दोन्हींचे मिळून अठ्ठावीस-तीस रुपये होतात. बाकी रक्कम मोक्याच्या रस्त्यावरच्या गाळ्याचे भाडे, एसी, एस्प्रेसोचे यंत्र, कामावरच्या मुला-मुलींचे पगार आणि मालकाचा नफा यांची असते. यात फसवणूक आहे, असे माझे म्हणणे नाही. १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान उघडले आणि २०१२ च्या ऑक्टोबरात मुंबईत हॉर्निमन सर्कलपाशी टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स आले, तेव्हापासून या धंद्याचे स्वरूप उघड आहे. गिऱ्हाईक खुर्ची, वायफाय, स्वच्छतागृह आणि कोणी उठवणार नाही असा तास-दीड तास विकत घेते. कॉफी ही त्याची पावती असते. ज्याला जागा हवी आहे, ज्याला मैत्रिणीशी निवांत बोलायचे आहे, ज्याच्या खोलीत चौघे राहतात आणि फोनवर मुलाखत द्यायची आहे, त्याने ते पैसे जरूर द्यावेत. माझा आक्षेप जागा न घेता जागेचे भाडे देण्याला आहे.

आणि ते सर्वात जास्त कुठे दिले जाते, तर घरपोच मागवलेल्या कॉफीत. कॅफेचा मूळ दर, त्यावर पॅकिंगचा आकार, पोहोचवण्याचा आकार, ॲपचे शुल्क, जीएसटी, आणि हे सारे देऊन हाती येतो कागदी पेल्यातला, वाटेत फेस बसलेला, कोमट कप. खुर्ची आपल्याच घरची, दिवा आपलाच. यात कॅफेचा एकही लाभ मिळत नाही आणि खर्च मात्र कॅफेत बसण्यापेक्षा जास्त होतो. कचेरीतल्या टेबलावर दुपारी चार वाजता मागवलेल्या कॉफीचीही तीच गत. ज्या कपासोबत जागा येत नाही, तो कप विकत घेऊ नये. हा एकच नियम पाळला, तरी आठवड्याच्या तीनांपैकी दोन कप बहुतेकांच्या बाबतीत गळून पडतील, आणि उरलेला तिसरा मनात खंत न बाळगता पिता येईल.

घरी करायला वेळ कुठे आहे, ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते आणि ती सर्वात कमी टिकते. दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा फिल्टर तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतो, त्याला वीज लागत नाही आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्याच्या वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात चार चमचे पावडर घालायची, दांड्याच्या चकतीने अलगद सपाट करायची आणि उकळी येऊन अर्धा मिनिट झालेले पाणी चकतीवरून कडेकडेने सोडायचे. पावडर जोराने दाबली तर थेंबच पडत नाही, आणि सैल सोडली तर पाणी भसाभस खाली जाऊन पिचकवणी उतरते. बोटाला जेमतेम जाणवेल एवढाच दाब हवा, आणि तो आठवडाभरात हाताला कळतो. झाकण लावून रात्री झोपण्यापूर्वी फिल्टर ओट्यावर ठेवून दिला, की सकाळी खालच्या भांड्यात काळेभोर, दाट डिकॉक्शन जमलेले असते. सकाळचे काम उरते ते दूध कडकडीत तापवून त्यात ते ओतण्याचे. डिकॉक्शन मात्र उकळायचे नाही, त्याने कडवटपणा येतो. उरलेले काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशीही चालते. काही महिन्यांनी छिद्रे बुजून थेंब मंदावतात. तेव्हा रिकामे वरचे भांडे चिमट्यात धरून तळ गॅसच्या आचेवर क्षणभर फिरवायचा, आत अडकलेली पूड जळून जाते आणि फिल्टर पुन्हा नव्यासारखा चालतो. या सगळ्यात हाताचे काम पाच-सात मिनिटांचे आहे. ॲपवर कॅफे निवडण्यात आणि पोहोचवणाऱ्याला इमारतीचा पत्ता समजावण्यात याहून अधिक वेळ जातो.

आपल्या मराठी घरांतली जुनी कॉफी याहून निराळी असते. दुधात साखर, इन्स्टंट पावडर, वेलची आणि सहाणेवर उगाळलेले किंवा किसणीवर किसलेले जायफळ घालून ती उकळली जाते. माझ्या मते हा वेगळाच पदार्थ आहे. त्याची गोडी आणि त्याने येणारी गुंगी यांची तुलना एस्प्रेसोशी करू नये. पण जायफळाच्या कॉफीवर वाढलेल्या अनेकांना खऱ्या कॉफीची पहिली ओळख कॅफेतच झाली आणि त्यामुळे कॉफी ही बाहेर प्यायचीच वस्तू आहे, अशी समजूत पक्की झाली, हेही तितकेच खरे. माटुंग्यातल्या दाक्षिणात्य वस्तीने ही समजूत कधीच करून घेतली नाही. तिथल्या दुकानांत गिऱ्हाईक अजूनही किती चिकोरी घालायची ते सांगून समोर दाणे दळून घेते, आणि तो पुडा घरी जातो. उडप्याकडे फिल्टर कॉफी पिणारा आणि घरी फिल्टर लावणारा तिथे बहुधा एकच माणूस असतो.

काटकसरीच्या वाटेवर एक मोठा खड्डा आहे आणि त्यात पडणारे बरेच दिसतात. घरी कॉफी करायची ठरली की आधी सामान येते: दहा-पंधरा हजारांपासून लाखापर्यंतचे एस्प्रेसो यंत्र, हाताची चक्की, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा, बदकाच्या मानेसारख्या तोटीची किटली, तीन प्रकारचे कागदी फिल्टर. चाळीस हजारांच्या यंत्राची किंमत वसूल व्हायला कपामागे दोनशे रुपयांची बचत धरली तरी दोनशे कप लागतात, आणि तेही ते दोनशे कप खरोखर कॅफेतल्या कपांच्या जागी प्यायले गेले तर. बहुधा तसे होत नाही. यंत्र घरी येते, पहिले दोन महिने पाहुण्यांना कौतुकाने दाखवले जाते आणि कॅफेतल्या फेऱ्या चालूच राहतात, कारण त्या फेऱ्या कॉफीसाठी नव्हत्याच. ज्याला या कलेचा नाद आहे त्याने हौसेच्या खात्यातून हे सामान खुशाल घ्यावे. बचतीच्या नावाने घेऊ नये. बचतीला स्टीलचा फिल्टर पुरतो. दाणे दळायचे असतील तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात, मध्ये थांबून, भांडे हलवत काम भागते. पूड थोडी ओबडधोबड होते, पण फिल्टर तेवढे चालवून घेतो.

पैसे वाचले की ते उरतातच, ही समजूतही सोडून द्यावी लागेल. न प्यायलेल्या कॉफीचे सव्वादोनशे रुपये खात्यात वेगळे पडून राहत नाहीत; ते शनिवारच्या जेवणात, रिक्षात, ऑनलाइन सवलतीच्या खरेदीत विरून जातात आणि वर्षाअखेरी माणूस म्हणतो की, कॉफी सोडून काही फरक पडला नाही. म्हणून ज्या दिवशी पगार होतो त्याच दिवशी ती रक्कम आपोआप वळती झाली पाहिजे. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत महिन्याला २,९०० रुपये ६.७ टक्के दराने भरत गेले, तर भरलेल्या १ लाख ७४ हजारांचे मुदतीअंती सुमारे २ लाख ७ हजार होतात. ज्यांना बाजाराची जोखीम झेपते ते एसआयपी करतील. कोणता मार्ग घ्यावा हा वेगळा विषय आहे. रक्कम आधी बाजूला काढणे हा मुख्य.

यावर दुसरी बाजू हसते आणि विचारते, की दोन लाखांत पुण्यात घर येते का? येत नाही. हिंजवडीकडे दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी सत्तर लाख मागितले जात असताना कॉफी सोडून कोणी घर घेईल, असे सांगणारा माणूस तरुणांची दिशाभूल करतो, आणि घरांच्या किमती, भाडी, गोठलेले पगार यांच्याविरुद्ध बोलण्याची गरज घरच्या कॉफीने तिळभरही कमी होत नाही. पण घर हे मोजमापच इथे चुकीचे आहे. पंचवीस हजारांत राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात घर न मिळण्याआधी अनेक छोटी संकटे येतात. गावी वडिलांना अचानक दवाखान्यात न्यावे लागते, कंपनी काम न देता नुसते बाकावर बसवते आणि मग राजीनामा मागते, घरमालक दोन महिन्यांत खोली रिकामी करायला सांगून नव्या जागी अनामत मोजायला लावतो. अशा वेळी हाताशी पन्नास हजार असणे आणि नसणे यांत क्रेडिट कार्डाच्या वर्षाकाठी छत्तीस-चाळीस टक्क्यांच्या व्याजाचे अंतर असते. नोकरी गेल्यावर मिळेल ती पुढची नोकरी धरायची की दोन महिने थांबून बरी शोधायची, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्या पन्नास हजारांत आहे. मालकापुढे मान ताठ ठेवायला लागणारा पैसा घराच्या किमतीच्या तुलनेत फार थोडा असतो, आणि तो या मार्गाने दीड वर्षात जमतो. तरुणांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच हे त्यांना आवर्जून सांगायला हवे होते.

आता सल्ला देणाऱ्यांकडे वळतो. ‘घरी करा’ हे शब्द आपल्याकडे उच्चारले जातात तेव्हा करणारी बाई असते, हे कोणी बोलून दाखवत नाही. कॅफेतली कॉफी सोडणारा मुलगा सकाळी आपल्या खोलीतून ‘आई, कॉफी टाक गं’ म्हणून हाक मारत असेल, तर ते सव्वादोनशे रुपये त्याने वाचवलेले नसतात. आईच्या सकाळच्या गर्दीत एक काम वाढवून तिच्याकडून ते फुकट घेतलेले असतात. डबे, नाश्ता, पाणी भरणे, मुलांची शाळा या रांगेत आणखी एक भांडे, आणखी एक गाळणे, दूध उतू जाऊ नये म्हणून आणखी एकदा उभे राहणे. घरचे खाणेपिणे स्वस्त असते याचे एक मोठे कारण हे आहे की, ते करणाऱ्या बाईचा वेळ आपण शून्य रुपयांचा धरतो. कॅफेत तेच काम करणाऱ्या मुलाला पगार मिळतो आणि तो आपल्या बिलात असतो. म्हणून जो पितो त्यानेच फिल्टर लावावा, त्यानेच दूध तापवावे आणि दुधाचे पातेले घासून पालथे घालावे. शिवाय दुसऱ्या कोणाला हवी असेल तर तिचीही करावी. याला अट म्हणा, पण या अटीवाचून घरच्या कॉफीच्या बचतीचा पुरस्कार मी करणार नाही. रात्री फिल्टर लावणे हे पुरुषांना सहज जमणारे काम आहे, आणि ज्या घरांत मुलगा किंवा नवरा ते करतो तिथे सकाळचा पहिला कप बाईच्या हातात आयता पडतो. अनेक घरांत हे आयुष्यात पहिल्यांदाच घडेल.

दुसरी गोष्ट जागेची. हा उपदेश ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे स्वयंपाकघरच नसते. पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी मुले, पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुली, वसतिगृहांतले विद्यार्थी यांना खोलीत इंडक्शन शेगडी तर सोडाच, पाणी तापवायची किटलीही ठेवू दिली जात नाही. विजेच्या बिलाची आणि आगीची भीती मालक पुढे करतात. भीती अगदीच खोटी नाही. पण उपाय बंदी हा नाही. प्रत्येक मजल्यावर एक ओटा, एक शेगडी, एक नळ आणि वापराच्या वेळा ठरवून दिल्या, तर दोन्ही प्रश्न सुटतात. महिना आठ-दहा हजार भाडे घेणाऱ्याने एवढे देणे मुळीच जास्त नाही, आणि अशा जागांना परवानगी देणाऱ्या यंत्रणेने सामाईक ओट्याची अट घालायला हवी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारी स्पर्धा परीक्षांची मुले तर या वादात कुठे येतच नाहीत. ती दहा-बारा रुपयांच्या अमृततुल्य चहावर दिवस काढतात. पण दिवसाला पाच-सहा चहा म्हणजे त्यांच्याही खिशाला पन्नास-सत्तर रुपयांची चाट बसते, आणि गावाहून येणाऱ्या पैशांवर जगणाऱ्याला सामाईक ओटा त्या आयटीवाल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कचेऱ्यांचेही तसेच. पुष्कळ कंपन्यांत यंत्राची कॉफी फुकट मिळते आणि ती इतकी बेचव असते की माणसे खाली उतरून कॅफे गाठतात. दोनशे माणसांच्या कचेरीत एक मोठा फिल्टर, दूध तापवायची सोय आणि दोन थर्मास ठेवण्याचा खर्च त्या यंत्राच्या भाड्यापेक्षा फार असू नये. कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन ही मागणी केली पाहिजे. पगारवाढ मागण्याइतकी ती अवघड नाही आणि पगारात ती दरमहा भर घालते.

तिसरी गोष्ट बसण्याच्या जागेची, आणि ती सरकारच्या व महापालिकेच्या दारातली आहे. आपल्या देशात कॉफीसाठी जागा हा एके काळी सार्वजनिक विषय होता. तिसाच्या दशकातल्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा देशातच कॉफी पिणारे वाढावेत म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे कॉफी बोर्डाने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात ही उपाहारगृहे बंद करायला काढली आणि कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पाठबळाने त्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ साली बंगळूरला उभी राहिली. आज देशात अनेक शहरांत त्यांची कॉफी हाऊसे चालू आहेत, कामगारच त्यांचे मालक आहेत, आणि तिथे माणूस एका स्वस्त कपावर तासभर बसू शकतो. महाराष्ट्र हे सहकाराचे राज्य म्हणवून घेते. साखर, दूध, सूत, पतपेढ्या या सगळ्यांत आपण सहकार आणला. शहरातल्या माणसाला स्वस्तात बसता येईल अशी जागा मात्र या मार्गाने उभी केली नाही, आणि ती पोकळी भाड्याच्या गाळ्यांनी भरून काढली.

घरची कॉफी थर्मासात भरून निघालेल्या माणसाने ती कुठे बसून प्यावी? पुण्यात महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडतात. भर दुपारी, म्हणजे ज्या वेळी एखाद्याला दोन तास सावलीत बसून वाचायचे किंवा कोणाशी बोलायचे असते, त्या वेळी त्यांना कुलूप असते. कित्येक बागांत खाण्यापिण्याचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयांत बसायच्या जागा अपुऱ्या आहेत आणि तिथे बोलता येत नाही. अशा शहरात तरुण कॅफेत जातात ते उधळेपणाने जातात, असे म्हणणे अन्यायाचे आहे. बागा सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत सलग उघड्या ठेवाव्यात, झाडांखाली पाठीला टेका असलेली बाके आणि मधूनमधून टेबले असावीत, पिण्याचे पाणी व स्वच्छ स्वच्छतागृह असावे, आणि घरून आणलेला डबा व थर्मास आत नेण्यास मज्जाव नसावा. याला नवी जमीन लागत नाही, मोठा निधी लागत नाही. दुपारच्या पाळीला एक रखवालदार आणि एक सफाई कामगार लागतो. महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामे मागवली जातात, तेव्हा रस्ते आणि गटारांच्या जोडीने दुपारी उघड्या बागेची मागणीही त्या अर्जात लिहिता येते.